ऑपरेटर जागेवर नव्हता

रविवार, २ फेब्रुवारी

कालच्या बक्षीस समारंभात जे झालं ते क्रमाने:

१. मोकळं मैदान, सहाशे खुर्च्या. सव्वाशे केव्हीएचा जनरेटर व्यासपीठाच्या मागे, चाळीस मीटरवर.
२. मशीन दुपारी दोनला सुरू केलं.
३. मी दर अर्ध्या तासाने लोड मोजला. जास्तीत जास्त भरला बावीस किलोवॅट. मशीनची ताकद शंभर किलोवॅट.
४. एवढं मोठं डिझेल इंजिन इतक्या कमी लोडवर तासन्‌तास चाललं की पुरेसं तापत नाही. डिझेल अर्धवट जळतं आणि तेलकट काजळी धुराड्यात साचत जाते.
५. पाच चाळीसला सगळे दिवे एकदम लावले. इंजिनाने जोर घेतला. साचलेलं सगळं बाहेर उडालं.
६. वारा व्यासपीठाच्या दिशेने होता.
७. प्रमुख पाहुण्यांचे कपडे पांढरे होते.

मालकांनी पाहुण्यांच्या खांद्यावरचा ठिपका स्वतःच्या रुमालाने पुसला आणि तो तळहाताएवढा केला. कार्यक्रमांना वीज पुरवणाऱ्या आमच्या कंपनीचं काम थोडक्यात असंच चालतं.

हे होत असताना मामा मशीनपाशी नव्हता. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, चहावाल्या मावशींच्या टेबलापाशी होता. प्रत्येक कार्यक्रमात तो तिथेच सापडतो. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, कंपनीचा जनरेटर ऑपरेटर, सव्वीस वर्षांपासूनचा. मी त्याच्या घरी अकरा वर्षं राहते. आठ महिन्यांपासून त्याच कंपनीत टेक्निकल सुपरवायझर आहे. ही नोकरी मी अर्ज करून मिळवली. अर्ज मामाने नेऊन दिला, एवढंच.

साइटवर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते. तो मला ‘मॅडम’ म्हणतो आणि हसतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मालकांनी मीटिंग घेतली. मी तक्ता पुढे ठेवला. साउंडवाल्याने फॉर्मवर पंधरा किलोवॅट मागितले होते, वापरले चार. लाइटवाल्याने तीस मागितले, वापरले बारा. त्याचे दिवे एलईडीचे होऊन तीन वर्षं झाली, पण त्याच्या फॉर्मला अजून कुणी कळवलेलं नाही. स्क्रीनवाल्याने दहा मागितले, वापरले चार. प्रत्येकाने आपल्या आकड्यात भर घातली, आणि त्या सगळ्याच्या खाली मामाने पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘इतर, १०’.

“इतर म्हणजे नेमकं काय?” मी विचारलं.

“इतर म्हणजे इतर गं,” मामा म्हणाला. मग मालक बसलेत हे आठवून, “मॅडम.”

अशा रीतीने बावीस किलोवॅटच्या कामाला शंभर किलोवॅटचं धूड गेलं. मालक तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना तो कळला नाही, हे त्यांनी मान हलवली त्यावरून कळलं.

मीटिंगनंतर त्यांनी मला एकटीला थांबवलं. “पंधरा तारखेचा शाळेचा कार्यक्रम सगळा तुझ्या हिशेबाने. नवीन चाळीसचं मशीन येतंय, ऑटो पॅनेलचं. त्याला म्हणे माणूस लागतच नाही. हे नीट पार पडलं की पुढे तसंच करू. तुझ्या मामांना आता गुडघे आहेत.”

गुडघे आहेत, मी म्हणाले.

“मग बसू देत की घरी.”

विचार केला तर यात गैर काही नाही. एकसष्टाव्या वर्षी धुरात उभं राहून कान फोडून घेण्यापेक्षा घर बरं. मामाला अजून सांगितलेलं नाही. ते मालकांचं काम आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सगळ्यांना नवे फॉर्म दिले. रकाने मी स्वतः आखले: उपकरण, नग, वॅट, सुरू होतानाचा झटका, वापराची वेळ. आकडे गेल्या शनिवारी मोजलेले, वर फक्त दहा-पंधरा टक्के भर. साउंडवाला फॉर्म हातात धरून थेट ऑफिसात आला.

“ताई, साडेचार? साडेचारात माझ्या घरचा पंखा नाही फिरायचा.”

“तुमचा जास्तीत जास्त लोड तीन पूर्णांक नऊ होता.”

“तेव्हा गाणी सौम्य होती.”

“बँड होता. तीन ड्रम होते.”

“अहो, पण दोन-तीन वर असू द्यावेत. लागतात.”

“कशाला लागतात?”

त्याने मामाकडे पाहिलं. मामा कोपऱ्यात बसून एक प्लग पुसत होता. तो प्लग सकाळपासून स्वच्छ होता.

“लागतात हो,” साउंडवाला म्हणाला.

वीस वर्षं धंद्यात काढून या गृहस्थाकडे कारण म्हणून एक क्रियापद आहे. शेवटी त्याने सही केली, ती अशी की कागद फाटावा. लाइटवाला मात्र “मॅडम, तुम्ही म्हणाल तसं” म्हणाला. आठ महिन्यांत मी एवढं शिकले आहे की याचा अर्थ ‘मी करीन तसं’ असा असतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी तक्ता पूर्ण केला. एकूण पंचवीस किलोवॅट, म्हणजे सव्वाएकतीस केव्हीए. चाळीसचं मशीन अठ्ठ्याहत्तर टक्के लोडवर चालेल. पुस्तकात उदाहरण म्हणून छापावा असा आकडा आहे. मशीनची वीज लाल, पिवळी, निळी अशा तीन फेजवर वाटायची असते: साउंड आणि स्क्रीन पिवळ्या फेजवर, स्टेजचे दिवे लाल आणि निळ्यावर वाटून, मैदानावरचे दिवे आणि पंखे उरलेल्या जागेत.

मामीने दोन कप चहा केला, एक तिला, एक मला. मामा चष्मा लावून माझ्या कागदावर वाकला.

“साडेबासष्टचं ने,” तो म्हणाला.

“कशाच्या आधारावर?”

“मैदान आहे. मैदानावर माणसं येतात.”

“माणसं वीज ओढत नाहीत, मामा.”

त्याने कानावरची पेन्सिल काढून तळाशी ‘इतर’ असं लिहिलं. मी खोडरबराने ते पुसलं. “हा लोड नाही. लोड म्हणजे ज्याला नाव आहे, वॅट आहेत आणि प्लग आहे.”

“बरं,” तो म्हणाला आणि त्याने सही केली. मामाशी वाद घालण्यात काही मजाच नाही.

मग मी त्याला कामाची सूचना दिली. टाइप केलेली, एका ओळीची: कार्यक्रम चालू असताना ऑपरेटरने मशीनची जागा सोडू नये. त्याने ती दोनदा वाचली.

“चहालाही नाही?”

“चहा जागेवर मागवायचा.”

मामी स्वयंपाकघरातून हसली. “बरं झालं! कुणीतरी बांधून घालायलाच हवं होतं. मी इथून हाका मारून मारून घसा कोरडा करते, ते ऐकू येत नाही या माणसाला. शेजारच्यांच्या फ्रीजची मोटर घरघरली की मात्र जेवता जेवता उठतो.”

“ती जाणार आहे,” मामा म्हणाला.

“कोण, शेजारीण?”

“मोटर.”

सूचनेची घडी घालून त्याने खिशात ठेवली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शाळेच्या मैदानाची पाहणी. मुख्याध्यापिकाबाई छत्री घेऊन पुढे, मी टेप घेऊन मागे. पन्नासावा वर्धापनदिन आहे, हे त्यांनी मला अर्ध्या तासात सहा वेळा सांगितलं. जणू पन्नास वर्षं त्यांनी एकटीने मोजली होती.

“मशीन दिसता कामा नये,” त्या म्हणाल्या. “आणि ऐकू येता कामा नये.”

मी म्हणाले, मागच्या भिंतीआड ठेवता येईल, पण तिथून स्टेज नव्वद मीटर पडतं.

“तुम्हाला जमणार नाही का?”

जमणार नाही हे शब्द मला कुणी माझ्या तोंडी घातलेले चालत नाहीत. जाड केबल घेतली की व्होल्टेजची घट तीन टक्क्यांच्या आत राहते. मी हिशेब तिथल्या तिथे करून दाखवला. मामा लांब उभा राहून भिंतीपासून मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बघत होता, पावलं मोजल्यासारखा. त्याला मी विचारलं नाही.

आग लागू नये म्हणून मैदानावर गॅस सिलिंडरला बंदी आहे, तशी ती आता सगळीकडेच आहे. “चहाचं काय?” मी विचारलं. बाई म्हणाल्या, “चहावाल्या त्यांचं त्या बघतात.” मी वहीत लिहिलं: चहा, प्रश्न नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

काल संध्याकाळचं आज सकाळी लिहिते आहे.

पाच वाजता लोड चोवीस पूर्णांक सहा होता. माझा अंदाज पंचवीस. मी तो आकडा मालकांना दाखवला. ते म्हणाले, “वा.” त्यांना कळलेला हा पहिला आकडा असावा. धुराड्यातून धूर जवळजवळ नव्हता. भिंतीआड मामा नव्या मशीनशेजारी खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर, वर्गाबाहेर बसवलेल्या मुलासारखा. मी दोनदा जाऊन पाहिलं. दोन्ही वेळा जागेवर होता.

सहा बावीसला साठ मुलं स्टेजवर होती. स्क्रीन पूर्ण पांढरा झाला, संगीत चढलं, आणि पॅनेलने सगळी वीज तोडली.

तीन मिनिटं चाळीस सेकंद. दिवस मावळत आला होता, काळोख नव्हता; तरी स्पीकर एकाएकी गप्प झाला की माणसांना काळोख वाटतो. माझ्या शेजारचे एक पालक म्हणाले, “छान कल्पना आहे.” पुढच्या ओळीतलं एक मूल रडायला लागलं, म्हणून त्याच्या शेजारचंही लागलं.

मी धावत भिंतीआड गेले. खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात मामा मैदानाच्या बाजूने आला, एक पाय ओढत, धापा टाकत. त्याने पॅनेल रिसेट केलं. वीज आली आणि टिकली. माझ्या मागोमाग मालकही पोचले होते.

“कुठे होतात तुम्ही?” मी विचारलं.

“तिकडे.”

“तिकडे म्हणजे कुठे?”

मामाने मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “चहाकडे,” तो म्हणाला.

रिपोर्ट मी आज सकाळी पाठवला:

१. सहा बावीसला पॅनेल ट्रिप झालं.
२. एकूण लोड मशीनच्या मर्यादेत होता.
३. ऑपरेटर जागेवर नव्हता.
४. जागा न सोडण्याची लेखी सूचना त्याला दिलेली होती.

चारही मुद्दे खरे आहेत. मी तपासून पाहिले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मालकांनी रिपोर्ट वाचला आणि मामाकडून किल्ल्या मागितल्या. मामाने दिल्या. सव्वीस वर्षं काम केलेला माणूस काढायला चार मिनिटं लागली, त्यातली दोन मालक चष्मा शोधत होते. त्यांना निमित्त हवं होतं आणि मी ते क्रमांक घालून दिलं, हे मला समजतं. पण निमित्त खोटं नव्हतं.

घरी मामीने ताट वाढलं. “इंजिनियरबाई, अजून काही वाढू का?” अकरा वर्षांत तिने मला ‘अगं’शिवाय हाक मारलेली नाही. मामा शेजाऱ्यांच्या फ्रीजमागे जाऊन बसला होता. मोटर गेली होती.

गुडघ्यांना आराम मिळेल.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नव्या पॅनेलमध्ये दर मिनिटाची नोंद राहते. आज ती उतरवून घेतली. माझ्या हिशेबाने पिवळ्या फेजवर चव्वेचाळीस अँपिअर हवेत. मर्यादा पंचावन्न. सहा बावीसची नोंद आहे सत्तावन्न. वीज परत आल्यावर पुन्हा चव्वेचाळीस.

म्हणजे तिन्ही फेजची बेरीज मर्यादेत होती, पण एकट्या पिवळ्याची नव्हती. रिपोर्टमध्ये मी फक्त बेरीज लिहिली. परीक्षेत कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

तेरा अँपिअर, म्हणजे तीन किलोवॅट. आले कुठून आणि गेले कुठे?

बुधवार, १९ फेब्रुवारी

साउंडवाल्याच्या गोडाऊनला गेले. तो एका स्पीकरच्या पोटात हात घालून बसला होता.

“तीन किलोवॅट? ते मावशींचं बॉयलर,” तो वर न बघता म्हणाला.

“तुमच्या लाइनवर?”

“मग कुणाच्या? चहा माझ्याकडे, कपड्यांच्या इस्त्र्या लाइटवाल्याकडे. ठरलेलं आहे.”

“कुणी ठरवलं?”

“तुमच्या मामांनी. गॅस बंद झाला तेव्हापासून. नाहीतर त्या बाईंनी चहा काय उन्हात तापवायचा?”

“फॉर्मवर का नाही लिहिलंत?”

“फॉर्मवर चहाला रकाना होता?”

नव्हता. रकाने मी आखले होते. आणि बॉयलर पाणी तापेपर्यंतच वीज ओढतं; माझ्या दर अर्ध्या तासाच्या मोजणीत ते सापडलं नव्हतं.

“म्हणून तुम्ही जास्त मागत होता,” मी म्हणाले.

“मग काय ताई, मी किलोवॅट खातो?”

तिथून चहावाल्या मावशींकडे. त्या एका बांधकामाच्या फाटकाशी टेबल लावून उभ्या होत्या. माझ्यापुढे न विचारता कप ठेवला.

“तू त्यांची भाची ना? शिकलेली?”

मी विचारलं, मामा कार्यक्रमात तुमच्याकडे किती वेळा येतो.

“लोड चढला की येतो. येतो, बॉयलरचं बटण बंद करतो, मशीनकडे कान देऊन उभा राहतो. मशीन निवांत झालं की मला म्हणतो, लावा आता. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. माझं गिऱ्हाईक शिव्या घालतं, पण दिवे जात नाहीत. शनिवारी उशीर झाला त्यांना. भिंतीआडून यायचं, लांब पडलं, त्यात तो पाय. ते माझ्यापाशी पोचले आणि दिवे गेलेच. तरी आधी माझं बटण बंद केलं आणि मग तसेच उलटे पळाले.”

“मला वाटायचं, चहाला येतो.”

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. “अगं, तुझ्या मामाला चहा कुठे चालतो? पित्त होतं ना त्यांना. एक थेंब घेत नाहीत.”

मला हे माहीत होतं. त्या घरात अकरा वर्षं सकाळी दोनच कप होतात. मी रोज त्यातला एक घेते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी मामा पायरीवर बसून शेजाऱ्यांची जुनी मोटर उघडत होता. मी शेजारी उभी राहिले.

“मालकांसमोर सांगितलं का नाहीस?”

“काय?”

“बॉयलरचं.”

“बॉयलर म्हटलं की मावशींचं टेबल उठलं असतं. मालक तेवढंच ऐकतात.”

“आणि मला? तक्ता केला तेव्हा?”

“‘इतर’ लिहिलं होतं की.” त्याने स्क्रू तोंडात धरला, मग काढला. “तू म्हणालीस जागा सोडायची नाही. नाही सोडली अर्धा तास. मशीन कण्हायला लागलं होतं, तरी बसलो. म्हटलं, हिशेब पोरीचा आहे, बरोबर असेल.”

“मला का नाही ऐकू आलं?”

“तू स्टेजपाशी होतीस. तिथे स्पीकरच ऐकू येणार.”

आतून मामी ओरडली, “अहो, पाणी तापलंय!” मामाला ते ऐकू आलं नाही. मी आत जाऊन गॅस बंद केला.

सगळ्यांना मूर्ख ठरवून मी जे पंधरा दिवस या वहीत लिहिलं, ते आज पुन्हा वाचलं. मालकांबद्दलचं तसंच ठेवते. बाकीचं खोडणार नाही. खोडायची सवय मला आहे, हे एकदा दिसलं तेवढं पुरे.

दुपारी मालकांना दिलेल्या पत्राची नक्कल:

मा. मालक यांस,

१५ फेब्रुवारीच्या घटनेचा माझा रिपोर्ट अपुरा होता. तो असा वाचावा:

१. सहा बावीसला पिवळ्या फेजवर सत्तावन्न अँपिअर होते. मर्यादा पंचावन्न. त्यातले तेरा चहाच्या बॉयलरचे.
२. हा लोड प्रत्येक कार्यक्रमात असतो. तो माझ्या तक्त्यात नव्हता. ऑपरेटरने त्यासाठी ‘इतर’ म्हणून लिहिलेली ओळ मी पुसली.
३. ऑपरेटर जागेवर नव्हता, कारण तो बॉयलर बंद करायला गेला होता. त्याने तो बंद केला म्हणूनच रिसेटनंतर वीज टिकली.
४. जागा न सोडण्याची सूचना माझी होती. ती त्याने पाळली, म्हणून उशीर झाला.
५. मशीन नव्वद मीटरवर ठेवायला मी होकार दिला.
६. १ फेब्रुवारीची काजळी मात्र गरजेपेक्षा मोठ्या मशीनमुळेच उडाली. त्याबाबत माझं म्हणणं कायम आहे.

यापुढे चहाला आणि इस्त्रीला फॉर्मवर स्वतंत्र रकाना राहील. तरीही १ मार्चच्या कार्यक्रमाच्या तक्त्यावर मी एकटीने सही करणार नाही. त्यावर आधी ऑपरेटरची सही लागेल, आणि कार्यक्रमाच्या वेळी त्याला मैदानात हवं तिथे जाण्याची मोकळीक लागेल. ऑटो पॅनेल वीज तोडू शकतं. आधी जाऊन बटण बंद करू शकत नाही.

ऑपरेटरला परत कामावर घेणार की नाही, ते सोमवार, २४ फेब्रुवारीपर्यंत मला लेखी कळवावं.